खापराच्या मापाची शेगडी

यंदाच्या मार्चमध्ये नंदुरबारच्या एका दुकानात मी आणि माय गॅसची शेगडी बघत होतो. धानोऱ्याच्या घराचं काम काढलं होतं. मागची स्वयंपाकाची खोली पाडायची, नवीन बांधायची, ओटा घालायचा आणि त्यावर चांगली शेगडी ठेवायची, असा बेत होता. मी नाशिकला नोकरी करतो. पंधरा दिवस रात्री मोबाइलवर शेगड्यांचे व्हिडिओ बघून माझं ठरलेलंही होतं. तीन बर्नर, वर काळी काच, लायटर न लागणारी. माय सोबत आली ती फक्त 'हो' म्हणायला, अशी माझी समजूत.

दुकानदारानं नेमकी तशीच शेगडी समोर मांडली. मायनं पिशवीतून एक सुतळी काढली. तिच्या दोन टोकांना गाठी होत्या. तिनं ती मोठ्या बर्नरवर आडवी धरली. सुतळी शेजारच्या बर्नरच्या पार पुढे गेली.

"भाऊ, यावर खापर बसी का?"

दुकानदार हसला. "मावशी, आता खापर कोण वापरतं?"

माय हसली नाही. तिनं सुतळी बोटांना गुंडाळली आणि पिशवीत ठेवली. आम्ही शेगडी न घेताच परत आलो.

खापर म्हणजे काय, हे खानदेशाबाहेरच्या वाचकांना सांगायला हवं. मातीचं मोठं, पसरट भांडं. ते चुलीवर पालथं घालायचं. खाली जाळ आणि वर तापलेली घुमटी. कणकेत पुरण भरून तो उंडा हातांवर झेलत झेलत कोपरापर्यंत पसरवायचा आणि अलगद त्या घुमटीवर टाकायचा. हे आमचे मांडे. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, मांडे आणि आमरस झाला नाही तर सण झाला असं खानदेशात कुणी मानत नाही. त्याच दिवशी गेलेल्या माणसांच्या नावानं घागर भरतात, नैवेद्य दाखवतात. यंदाच्या आखाजीला आमच्या घरी मोठ्या मायची, माझ्या आजीची, पहिली घागर होती.

मोठी माय हिवाळ्यात गेली. शेवटची चार वर्षं तिला दम लागायचा. पहिल्यांदा तिला दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टरांनी छातीचा फोटो बघितला, फुंकायला लावलं आणि विचारलं, "आजी, बिडी किती वर्षं ओढता?"

मोठी माय माझ्याकडे वळून म्हणाली, "हाऊ काय इचारस?"

तिनं उभ्या जन्मात बिडीला हात लावला नव्हता. लग्न होऊन आली तेव्हापासून चुलीपुढे मात्र बसली होती. पऱ्हाटी, तुरीच्या काड्या, गोवऱ्या, पावसाळ्यात ओली लाकडं. तिच्या फुप्फुसांत जे साठलं होतं ते त्याच खोलीतलं होतं, जी मी आता पाडायला निघालो होतो.

म्हणजे एकीकडे चूल घराबाहेर काढायची माझी घाई, दुसरीकडे त्याच चुलीमुळे गेलेल्या बाईच्या नैवेद्याला लागणारं खापर. मधे मायची सुतळी. शेगडी निवडणं हे फोनवर फिल्टर लावण्याइतकं सोपं राहिलं नाही. मग मी वाचायला लागलो. आपल्या स्वयंपाकघरात जाळ आजवर कुणी निवडला, कशासाठी निवडला आणि निवडताना कुणाला विचारलं?

चूल आणि वैल

सुरुवात आमच्याच चुलीपासून केली, कारण तिला मी आजवर 'मातीचा ढिगारा' यापलीकडे किंमत दिली नव्हती.

तिला दोन तोंडं होती. पुढचं मोठं, जिथे जाळ लागतो. मागचं किंवा बाजूचं लहान, त्याला वैल म्हणतात. वैलाखाली वेगळं लाकूड घालत नाहीत. पुढच्या जाळाची उरलेली धग आतल्या वाटेनं तिथे जाते आणि वरण, दूध, आंघोळीचं पाणी त्यावर निवांत तापत राहतं. पुढे भाकरी आणि मागे वरण, एकाच लाकडात. तिसरी जागा तोंडापुढच्या निखाऱ्यांची. तव्यावर भाजलेली भाकरी तिथे उभी टेकवली की टम्म फुगते. त्याच निखाऱ्यांत वांगं, कांदा, मिरची भाजायची.

म्हणजे तीव्र, मंद आणि निखाऱ्याची, अशी तीन प्रकारची आच एका चुलीत होती. बायकांनी ती स्वतःच्या हातानं लिंपली होती, आपल्या तव्याच्या आणि खापराच्या मापानं. मोडली तर त्याच दुरुस्त करायच्या. मेकॅनिक लागत नव्हता.

दोष दोनच, पण भयंकर. साध्या चुलीत लाकडाच्या उष्णतेतली जेमतेम दहा-पंधरा टक्के भांड्यापर्यंत पोहोचते. आणि अर्धवट जळालेल्या लाकडाचा धूर स्वयंपाक करणारीच्या नाकातोंडात जातो.

शहरातला जाळ

शहरात गॅस आधी आला तो उजेडासाठी. मुंबईच्या रस्त्यांवर गॅसचे दिवे १८६५ मध्ये लागले. तो दगडी कोळशापासून केलेला, नळातून येणारा गॅस होता. पण मराठी घरांची खरी क्रांती गॅसनं केली नाही, स्टोनं केली.

स्टॉकहोमच्या फ्रान्स लिंडक्विस्टनं १८९२ मध्ये प्रायमस स्टो तयार केला. काकड्यानं बर्नर तापवायचा, पंप मारायचा, मग रॉकेलची वाफ होऊन निळी ज्योत फरफरायला लागते. काजळी नाही, लाकूड नाही, राख नाही. ध्रुवांवर जाणाऱ्या मोहिमांनी जे यंत्र सोबत नेलं, तेच गिरगाव-परळच्या चाळीतल्या एका खोलीच्या संसाराला कामी आलं. तिथे चूल मांडायला अंगण नव्हतं आणि धूर सोडायला कौलं नव्हती. स्टोची पिन कुठे ठेवली यावरून घराघरांत भांडणं झाली.

या स्टोचं दुसरं रूप मात्र भीषण आहे. १९७० आणि ८० च्या दशकांत 'स्टोचा भडका उडून विवाहितेचा मृत्यू' ही बातमी इतक्या वेळा छापून आली की ती बातमी वाटेनाशी झाली. स्त्री-चळवळीतल्या बायकांनी तेव्हा साधा प्रश्न विचारला. स्टो फुटतो तर नेहमी सुनेच्याच अंगावर कसा फुटतो? सासू, नणंद, नवरा कधीच कसे भाजत नाहीत? या आंदोलनांच्या रेट्यामुळे १९८३ मध्ये भारतीय दंडसंहितेत ४९८-अ हे कलम आलं आणि १९८६ मध्ये हुंडाबळीचं ३०४-ब. काही स्टो खरोखर सदोष होते. पण अनेक घरांत दोष यंत्राचा नव्हता, यंत्र फक्त साक्षीला उभं केलं गेलं. स्वयंपाकघरातल्या वस्तूवर कुठलाही आळ टाकता येतो, कारण तिथे काय चालतं हे बघायला बाहेरचं कुणी येत नाही.

सिलिंडरचा गॅस आला तोही मुंबईत. १९५० च्या दशकाच्या मध्यावर बर्मा-शेल कंपनीनं 'बरशेन' नावानं तो विकायला सुरुवात केली. १९६५ मध्ये इंडियन ऑइलचा 'इंडेन' आला. पुढे एस्सोचं सरकारीकरण होऊन हिंदुस्थान पेट्रोलियम झालं, बर्मा-शेलचं भारत पेट्रोलियम. १९७४ मध्ये मुंबईच्या समुद्रात 'बॉम्बे हाय'ला तेल सापडलं आणि त्याच्यासोबत निघणाऱ्या वायूपासून उरणला स्वयंपाकाचा गॅस तयार होऊ लागला.

तरीही गॅस सहज मिळत नव्हता. नंबर लावून वर्षानुवर्षं थांबायचं. खासदारांना कनेक्शनची शिफारस करण्याचा कोटा असायचा आणि त्या कुपनासाठी ओळखी काढल्या जायच्या. तुमच्या आजी-आजोबांना विचारून बघा. घरात गॅस कधी आला याची तारीख त्यांना लग्नाच्या तारखेसारखी पाठ असते. त्या काळी शेगडी कुठली घ्यायची हा प्रश्नच नव्हता. जी मिळेल ती, आणि मिळाली याचा पेढा.

खेड्यासाठी निवडलेला जाळ

खेड्यासाठी कुणी विचारच केला नाही, असं म्हणणं खोटं ठरेल. विचार झाला, आणि त्यातला बराचसा महाराष्ट्रात झाला.

गांधीजींनी १९३४ मध्ये स्थापन केलेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचं ठाणं वर्ध्याच्या मगनवाडीत होतं. जे. सी. कुमारप्पा तिथले कर्तेधर्ते. बिनधुराची 'मगन चूल' याच मगनवाडीची. हैदराबादच्या सरकारी प्रयोगशाळेतले अभियंता एस. पी. राजू यांनीही धुराड्याची चूल तयार केली आणि १९५३ मध्ये तिच्यावर पुस्तिका लिहिली.

दुसरी वाट शेणाची. सडलेल्या मैल्यापासून गॅस मिळतो हे मुंबईत १८९७ मध्येच माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रयगृहात करून पाहिलेलं होतं. कोकणात अप्पासाहेब पटवर्धनांनी कणकवलीजवळच्या गोपुरी आश्रमात संडास आणि गोबरगॅस यांची सांगड घातली. तोच धागा पुढे देहूच्या डॉ. सुहास मापुस्करांनी धरला आणि संडासाला जोडलेल्या गॅससंयंत्रांवर आयुष्य घातलं. २०१७ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. पुण्यात डॉ. आनंद कर्वे यांच्या 'आरती' संस्थेनं उसाच्या पाचटापासून कोळसा करून दाखवला आणि घरगुती खरकट्यावर चालणारं लहान गॅससंयंत्रही. या दोन्ही कामांना, २००२ आणि २००६ मध्ये, ब्रिटनचे ॲशडेन पुरस्कार मिळाले.

आणि मग सरकारी निर्धूर चूल. १९८० च्या दशकात सुरू झालेला हा राष्ट्रीय कार्यक्रम २००२ मध्ये बंद झाला. तोवर देशभर तीन कोटींहून जास्त चुली वाटल्याची नोंद आहे.

त्यातली एक आमच्या घरी होती. बाबांच्या लहानपणी बसवलेली. मायनं तिची गोष्ट मला या निमित्तानं पहिल्यांदा सांगितली, तिनं ती मोठ्या मायकडून ऐकली होती. चूल चांगलीच होती म्हणे. धूर नळीनं वर जायचा. पण तोंड लहान, त्यामुळे लाकूड बारीक फोडावं लागायचं, आणि फोडणार कोण? मोठी मायच. निखारे आत राहायचे, पुढे ओढून भाकरी टेकवायला जागा नव्हती. खापर तर बसतच नव्हतं. पहिल्या पावसाळ्यात धुराड्यात काजळी साचली. साफ करायला छपरावर चढायचं, ते काम बाईचं नाही असं घरात ठरलेलं आणि पुरुषांना ते आपलं वाटलं नाही. दोन वर्षांत मोठ्या मायनं तोंड फोडून मोठं केलं. आखाजी आली होती.

नोंदवहीत ती चूल 'बसवली' म्हणूनच असणार. ती फोडली याची नोंद कुठल्या रकान्यात होणार?

मोठ्या मायनं केलं ते अडाणीपण होतं का? बरीच वर्षं अशा गोष्टींना 'लोकांची मानसिकता' म्हणायची पद्धत होती. आता मला ते वेगळं दिसतं. चूल ज्यांनी आखली त्यांनी लाकूड वाचवायचं ठरवलं होतं, जंगल वाचवायचं ठरवलं होतं, डोळे वाचवायचेही ठरवलं होतं. सगळे हेतू चांगले. फक्त भाकरी कुठे टेकवायची हे राहून गेलं.

धूर मोजला तेव्हा

चुलीचा धूर वाईट हे चुलीपुढच्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं. पण तो किती वाईट, हे आकड्यांत यायला बराच उशीर झाला. कर्क स्मिथ या अमेरिकी शास्त्रज्ञानं १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला आपल्या शेजारच्या गुजरातेत, काही खेड्यांतल्या बायकांना स्वयंपाक करताना हवा ओढून घेणारं छोटं यंत्र अंगावर लावायला दिलं आणि त्यांच्या श्वासात नेमकं काय जातं ते मोजलं. तोपर्यंत हवेचं प्रदूषण म्हणजे कारखाने आणि मोटारी. स्मिथनी दाखवून दिलं की जगातली अतिशय खराब हवा खेड्यातल्या स्वयंपाकाच्या खोलीत आहे. ते २०२० मध्ये वारले. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार त्याच वर्षी घरातल्या धुरानं जगभरात ३२ लाख माणसं दगावली.

मोठ्या मायला 'बिडी किती वर्षं' असं विचारणाऱ्या डॉक्टरांवर माझा राग नाही. त्यांना दिसलेला आजार तसाच होता. पण चुलीची वर्षं विचारायचं त्यांच्या तोंडात बसलं असतं तर मोठ्या मायला इतकं ओशाळल्यासारखं झालं नसतं.

२०११ च्या जनगणनेत देशातल्या २८.५ टक्के घरांचा स्वयंपाक गॅसवर होत होता आणि ४९ टक्के घरांचा सरपणावर. १ मे २०१६ ला उत्तर प्रदेशातल्या बलियामध्ये उज्ज्वला योजना सुरू झाली. कनेक्शन घरातल्या प्रौढ बाईच्या नावावर. ७ सप्टेंबर २०१९ ला आठ कोटींचा टप्पा गाठला गेला, तोही महाराष्ट्रात, औरंगाबादच्या कार्यक्रमात. आमच्या जिल्ह्याचा या सगळ्याशी आणखी एक संबंध आहे. गॅसचं अनुदान थेट खात्यात येण्यासाठी जे आधार लागतं, त्याचं देशातलं पहिलं वाटप २९ सप्टेंबर २०१० ला शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात झालं होतं.

आमच्याकडे गॅस २०१७ मध्ये आला. घरातल्या सगळ्या कागदांत बाबांचं नाव पहिलं, गॅसच्या पुस्तकावर मात्र मायचं. सोबत दोन बर्नरची स्टीलची साधी शेगडी मिळाली. मी तेव्हा कॉलेजात होतो. आपल्या घरातला धूर संपला, असं मी मित्रांना सांगितलं होतं.

तो संपला नव्हता. माय सिलिंडर लावल्याची तारीख कॅलेंडरवर लिहिते आणि जुनी कॅलेंडरं टाकत नाही. घर पाडताना ती सगळी सापडली. मी ती जमिनीवर पसरून बसलो. पहिल्या वर्षी सिलिंडरला गोल केलेल्या तारखा तीन. दुसऱ्या वर्षी चार. पाच माणसांच्या घरात १४.२ किलोचा एक सिलिंडर तीन-चार महिने पुरतो याचा अर्थ एकच. त्यावर चहा होत होता, पाहुण्यांचे पोहे होत होते, पावसाळ्यातली सकाळ निघत होती. भाकरी, वरण, आंघोळीचं पाणी चुलीवरच. २०२२ मध्ये सिलिंडर हजाराच्या पुढे गेला, त्या वर्षी गोल दोनच. त्याच वर्षी सरकारनं उज्ज्वलाच्या घरांना सिलिंडरमागे २०० रुपये अनुदान सुरू केलं, पुढच्या वर्षी ते ३०० झालं. मी नोकरीला लागल्यावर आणि मोठ्या मायचा दम वाढल्यावर गोलांची संख्या सात-आठवर गेली. मोठ्या मायच्या आजाराचा इतिहास लिहायचा तर त्या कॅलेंडरांइतका खरा कागद दुसरा नाही.

ओटा कुणाच्या उंचीचा

गवंड्यानं विचारलं, ओटा किती उंच? मी म्हणालो, जेवढा असतो तेवढा.

'जेवढा असतो' हे तरी कुणी ठरवलं? उभ्यानं स्वयंपाक करायचा, सगळं हाताशी ठेवायचं, ही आजच्या मॉड्युलर किचनची कल्पना युरोपात आकाराला आली. व्हिएन्नाच्या मार्गारेट शुट्टे-लिहोत्स्की या स्थापत्यकारानं १९२६ मध्ये जर्मनीत कामगारांच्या घरांसाठी 'फ्रँकफर्ट किचन' आखलं. बाईची किती पावलं वाया जातात, कुठलं काम किती वेळ खातं, हे मोजून १.९ बाय ३.४ मीटरमध्ये सगळं बसवलं. अशी सुमारे १०,००० स्वयंपाकघरं बांधली गेली. पुढे म्हातारपणी या बाईंनीच सांगितलं की ते आखेपर्यंत आपण कधी घर चालवलंच नव्हतं. पण त्यांनी निदान मोजलं.

आपल्याकडे ओट्याला गॅसनंही उभं केलं. सिलिंडर उभाच ठेवावा लागतो, शेगडी त्याच्यापेक्षा उंचावर हवी. मग पाट गेला, परात ओट्यावर आली. माय पाच फुटांना थोडी कमी. नाशिकच्या माझ्या भाड्याच्या घरातल्या ओट्यावर भाकरी थापताना ती टाचा उचलते, हे मी चार वर्षं बघतो आहे. बघतो आहे म्हणजे बघूनही दिसलं नव्हतं.

या वेळी आम्ही मोजलं. मायला उभं केलं, विटांवर पाटा ठेवून परातीत खोटी खोटी भाकरी थापायला लावली. एक वीट काढ, एक घाल, असं करत ती म्हणाली, "आठे." तिथे मी भिंतीवर पेन्सिलनं रेघ मारली. गवंडी म्हणाला, भाऊ, हे बुटकं होईल, उद्या सून येईल तिला वाकावं लागेल. माय म्हणाली, सून आली की ओटा तिच्या मापाचा करू. मग माझ्याकडे बघून विचारलं, "नही तर तुले भाकर टाकता येस का?"

मला येत नाही. पंधरा दिवस शेगड्यांचे व्हिडिओ बघणाऱ्याला भाकरी येत नाही. मगन चुलीपासून उज्ज्वलापर्यंतच्या सगळ्या समित्यांना नावं ठेवताना हे मला आठवत राहिलं.

शेवटी काय घेतलं

दुसऱ्या खेपेला दुकानात मायला पुढे केलं. मी मागे उभा राहून फक्त मला कळतात तेवढ्या गोष्टी बघितल्या.

शेगडीवर आयएसआयची खूण आहे ना. भारतीय मानकानुसार, आयएस ४२४६ त्याचा क्रमांक, घरगुती शेगडीनं गॅसच्या उष्णतेतली किमान ६८ टक्के भांड्याला द्यायला हवी. चुलीच्या दहा-पंधरा टक्क्यांशेजारी हा आकडा ठेवला की सिलिंडर महाग असूनही का परवडतो ते कळतं. ज्योत निळी आणि स्थिर हवी. पिवळी पडली, भांड्याला काजळी धरली, तर हवा कमी पडते आहे. नळी तारेच्या जाळीची, सुरक्षा खुणेची, पाच वर्षांनी बदलायची. सिलिंडरच्या कड्याजवळ अक्षर आणि आकडा असतो, ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, सी आणि डी पुढच्या तिमाह्या, आकडा वर्षाचा. ती टाकीच्या तपासणीची मुदत. उलटून गेली असेल तर सिलिंडर परत करायचा. आणि हा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साचतो. म्हणून नुसती वर खिडकी पुरत नाही, खालीही हवा जायला जागा हवी. ती आम्ही भिंतीत ठेवली.

बाकी सगळं मायनं निवडलं. काच नको, म्हणाली. रुंद भांड्याखाली धग कोंडते, काच तडकली तर? तिसरा बर्नर नको, कारण तीन भांडी शेजारी बसवायला जागाच उरत नाही, सगळी एकमेकांना ढकलतात. दोन बर्नर, मधे भरपूर अंतर, पितळी, एक मोठा आणि एक लहान. मोठ्यावर भाकरी, लहानावर वरण. मी मनात म्हटलं, ही चूल आणि वैलच झाली की. वर भाकरी फुगवायला एक जाळी.

खापराचं काय, असं मीच विचारलं. तिनं सुतळी काढलीही नाही. गॅसची ज्योत मधोमध लागते, खापराच्या कडा कच्च्या राहतात, हे ती एकदा शेजारी करून बघून आली होती. म्हणाली, "घरातली चूल मोड. बाहेर मांड."

तसं केलं. परसात, लिंबाखाली, तीन बाजूंनी मोकळं. मायनं स्वतः माती कालवून चूल घातली, सुतळीच्या मापानं.

आखाजीला पुरण गॅसवर शिजलं, आमरसाचं भांडं नव्या ओट्यावर राहिलं आणि मांडे परसात झाले. जाळ सारखा ठेवायचं काम माझ्याकडे होतं. अर्ध्या तासात डोळे चुरचुरायला लागले, घसा धरला. मोकळ्यावर असूनही. चौथ्या मांड्यापासून माय मला 'सरक' म्हणू लागली, म्हणून जरा बरं वाटलं. पहिला मांडा मोठ्या मायच्या घागरीपुढे ठेवला.

उघड्यावरची चूल निरुपद्रवी असते, असं मी स्वतःला समजावणार नाही. धूर तो धूरच. म्हणून एक केलं आहे. सिलिंडर लावला की माय कॅलेंडरवर गोल करते, तसं चूल पेटवली की त्या तारखेवर फुली मारायची, असं आमचं ठरलं. एप्रिलपासून आजपर्यंत अकरा फुल्या आहेत. फोनवर मी विचारतो, आज फुली का? ती म्हणते, वांगी आणली, भरीत गॅसवर होत नाही. मी वाद घालत नाही. फुल्या मोजतो.